दोन मशीनींच्या मधली जागा

पापणी

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग जीभ पाहिली, मग नखं दाबून पाहिली. नंतर खुर्ची मागे सारून मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही इथवर चालत आलात?"

"सेलूहून बसनं आली. स्टँडपासून पायी."

"एकट्या?"

"हे हायेत ना बाहेर."

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. निकाल पाहून त्यांचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदाही तेच आलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या, एक चांगली संत्र्याएवढी. त्या गाठींपायी रक्त जात होतं, आणि जाऊन जाऊन अंगात फारसं उरलंच नव्हतं.

"ऑपरेशन करावंच लागेल," त्या म्हणाल्या, "पण आज केलं तर तुम्ही टेबलावरून उठणार नाही. आधी रक्त चढवायचं. ते चढायच्या आत स्राव वाढला, तर आमच्या हातात काही राहणार नाही. घरी जायचं नाही. आत्ताच भरती व्हा."

मी म्हटलं, "बाई, गच्चीवर तूर वाळू घातली हाय."

त्या उठून दाराशी गेल्या आणि यांना आत बोलावलं. हे म्हणजे माझे पती. त्यांचं नाव पुढे यायच्या ठिकाणी येईल. त्यांनी सगळं ऐकलं आणि टेबलाचा काठ धरला. तो घट्ट धरलेला हात पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी मरू शकते.

मामाजींची शिकवण

आमची सेलूला छोटी दालमिल आहे. ती माझ्या सासऱ्यांनी उभी केली. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मी मॅट्रिक पास आणि तोंडानं फटकळ. स्वयंपाकात माझं मन नाही हे मामाजींनी महिन्याभरात ओळखलं आणि मला मिलमध्ये नेऊन उभं केलं. तूर येते, चाळली जाते, रोलरवर तिच्या सालाला ओरखडे पडतात, मग तेल-पाणी लावून तिचा ढीग मारतात, उन्हात वाळवतात, मग ती फुटते आणि साल एकीकडे, डाळ एकीकडे होते. प्रत्येक पायरीला दाण्याचं मोल वाढतं. नवा माणूस मिलमध्ये आला की मशीनीकडे तोंड वासून पाहतो. मामाजी मला जमिनीकडे पाहायला लावायचे.

"माल मशीनमंदी नाई सांडत, सुमन," ते म्हणायचे. "दोन मशीनीच्या मधात सांडते. थ्या जागेवर डोया ठेवत जाजो."

मी आजारी पडले त्याच्या आधीच मामाजी गेले होते. पण हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

माझी मुलगी प्राची आता नागपूरला व्यवस्थापन शिकते. गेल्या दिवाळीत ती कागदावर चौकोन आखत बसली होती. विचारलं तर म्हणाली, "आई, दवाखान्याची व्हॅल्यू चेन काढायची आहे. पेशंटसाठी कुठल्या पायरीवर मोल वाढतं आणि कुठे वाया जातं, ते दाखवायचं." चौकोन मोठे सुबक होते. नोंदणी, तपासणी, निदान, उपचार, घरी पाठवणी. एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारे बाण होते.

मी म्हटलं, "चौकोन राहू दे, बाणांकडे पाह्य. तुही माय मरता मरता राहिली ती त्या बाणावर."

तिनं पेन खाली ठेवलं. मी आजारी होते तेव्हा ती शाळकरी पोर होती, तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. जी बाई आज मोरीत गुपचूप कपडे पिळत असेल, तिच्या हाती हे पडावं, एवढंच मनात आहे.

पहिलं सांडणं घरातच

प्राचीच्या कागदावर पहिला चौकोन दवाखान्याच्या दारात होता. माझा घरात होता. आमच्या घरी महिन्याचे ते दिवस आले की बाईनं दूर बसायचं. चूल नाही, देव नाही, आणि मिलमधल्या तेल लावलेल्या तुरीच्या ढिगालाही हात नाही. माझ्या सासूबाई अनसूयाबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, या बाबतीत फार कडक. दिवस संपले की डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि कामाला लागायचं.

माझे दिवस संपेनात. चार दिवस रक्त थांबायचं, आठ दिवस जायचं. खरं सांगितलं असतं तर महिनाच्या महिना कोपऱ्यात बसावं लागलं असतं. मिल कोणी पाहायची? आणि आजवर मी तशाच अंगानं स्वयंपाक केला, नैवेद्य केला, हेही उघडं पडलं असतं. तेव्हा झाकली मूठ ठेवली. ठरल्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि आत यायचं. याची मला लाज वाटत नाही. राग येतो, आणि तो एकट्या आत्याबाईंवरही नाही.

पुढे जिना चढताना धाप लागू लागली. पोत्यावर बसून राहावंसं वाटायचं. कच्चे तांदूळ चघळायची चटक लागली. बाई आता सुस्तावली, असं मिलमधले लोक म्हणू लागले.

गावातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बरोबर प्रश्न विचारला, "पाळी ठीक आहे ना?" पण बाकावर बाजारातले दोन व्यापारी बसले होते आणि औषध बांधणारा पोऱ्या कान टवकारून उभा होता. मी "हो" म्हटलं. त्यांनी अशक्तपणाचं लाल टॉनिक दिलं. मी सांगितलं त्यावर तेच औषध बरोबर होतं. दुसऱ्या खेपेला त्यांना शंका आली आणि त्यांनी वर्ध्याला दाखवायला सांगितलं. मी घरी येऊन तेवढं सांगितलं, तर भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. लग्न आटपू दे, असं सगळेच म्हणाले. सगळ्यांत मीही होते. त्या लग्नातच मांडवाशी मी कोसळले आणि हे मला दुसऱ्या दिवशी वर्ध्याला घेऊन आले.

म्हणजे डॉक्टरांचं मशीन ठीक होतं आणि माझं तोंडही धडधाकट होतं. त्या दोहोंच्या मध्ये माझं रक्त सांडत राहिलं.

नंबर

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्यांनी मला जगवलं, आणि जी गोष्ट मी सांगणार आहे तिचा दोष एका कोणाच्या माथी मारता येत नाही.

बायकांचा वॉर्ड लांबलचक होता. लोखंडी खाटा दोन्ही बाजूंना, आणि प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीवर नंबर रंगवलेला. मला चौदा नंबर मिळाला, पंख्याखाली आणि खिडकीजवळ. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, एप्रिल सरत होता, आणि वर्ध्याचं ऊन काय असतं ते तिथे राहिलेल्याला सांगावं लागत नाही. सकाळी फिनेलचा वास, मग डॉक्टरांचा राउंड, मग सुया, मग जेवणाची गाडी. "चौदा, ताट धरा." "अकरा, लघवी दिली का?" नाव कोणालाच नव्हतं. फार तर आजी, मावशी, काकू.

वॉर्डातल्या जुन्या सिस्टर शेंडेबाई. त्यांना मी एकदा विचारलं, "सिस्टर, नावानं काऊन नाई बोलावत?"

त्या म्हणाल्या, "काय करू काकू? पूर्ण नाव विचारलं की अर्ध्या जणी पदर तोंडात धरतात."

खरंच होतं. पूर्ण नावात नवऱ्याचं नाव येतं, आणि आमच्याकडच्या बायका ते उच्चारत नाहीत. घेतलं तर त्या माणसाचं आयुष्य कमी होतं म्हणतात. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायचं ते वेगळं. तिथे यमकाच्या आडोशानं नाव घेता येतं. नुसतं कोरडं नाव नाही. मीसुद्धा, एवढी फटकळ, पण ते नाव मी कधी तसं घेतलेलं नव्हतं. दवाखान्यात बाईचं नाव सोबतचा माणूस सांगायचा. तो नसला तर भिंतीवरचा नंबर पाहायचा.

रक्त

त्या वेळी रक्तपेढीतून रक्त हवं असेल तर घरच्या माणसानं बदल्यात रक्त द्यायचं असे. माझ्यासोबत आत्याबाई राहत होत्या. त्यांना हे कळलं आणि त्या रक्तपेढीच्या दारातच बसल्या.

"माह्या पोराचं रगत नाई देऊ देत. तोच खचला तं घर कोन पाहीन?"

हे मुलखाचे मुकाट. आईपुढे आजवर ब्र काढला नव्हता. त्या दिवशी म्हणाले, "आई, बाजूले सर." आणि आत गेले.

आत्याबाई मग वेगळ्याच काळजीत पडल्या. त्यांनी शेंडे सिस्टरना गाठलं. "काव माय, नवऱ्याचं रगत बायकोच्या आंगात चालते का? नात्यात काई दोष तं नाई लागत?" पेढीतून जे येईल ते दुसऱ्याच कोणाचं असेल, गट जुळणारं असेल, असं सिस्टरनी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. आपल्या पोराचं रक्त येणार आहे, असं त्या खाटोखाटी सांगत फिरल्या.

पण याच बाईनं मला काय दिलं तेही सांगते. जिनं मला पाण्याच्या माठाला हात लावू दिला नव्हता, ती माझे ते कपडे रोज नळावर धूत होती. मी एकदा ओशाळून म्हटलं, "आत्याबाई, इटाळ नाई होत का?"

"दवाखान्यात कायचा इटाळ?" त्या म्हणाल्या. "इथं तं आवघ्या एकाच नावेत बसल्या." आणि बादली उचलून निघाल्या. त्यांची पाठ पाहून मला रडू आलं.

स्राव थांबत नव्हता. रक्त उद्या येईल, परवा येईल, असं चाललं होतं. रात्री झोपताना सकाळ दिसेल की नाही, असं वाटायचं. प्राचीचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि मी कूस बदलायची.

माया

दाराजवळच्या नऊ नंबरवर गिरजाबाई नावाची म्हातारी होती. तिच्याही अंगात रक्त नव्हतं, कारण वेगळं होतं, आणि तीही रक्ताची वाट पाहत होती. नऊ नंबरला पंखा नाही, मागची भिंत दिवसभर तापायची. म्हातारी माशासारखी तडफडायची.

आत्याबाईंनी विचारपूस केली आणि निघाली ती पवनारची. आत्याबाईंचं माहेर पवनार. मग काय विचारता! कोणाची लेक, कोणत्या आळीतली, धाम नदीच्या कोणत्या घाटावर धुणं धुवायची, सगळं निघालं. आत्याबाई डोळे पुसत माझ्याकडे आल्या.

"सुमन, माह्या माहेरची बहीण हाय ते. तू जवान हायेस. तिले पंख्याखाली येऊ दे."

मी मनातून चिडले. पण बसमध्ये, मांडवात, कुठेही म्हातारं माणूस दिसलं की उठायचं, हे आमच्या हाडात आहे. नाही म्हणवलं नाही. आत्याबाई आणि गिरजाबाईंची लेक, दोघींनी आम्हांला धरून इकडची तिकडे केली. म्हातारीनं पंख्याखाली अंग टाकलं आणि माझ्या आत्याबाईंना तोंडभर आशीर्वाद दिले. सकाळपाळीच्या शेंडे सिस्टर नुकत्याच घरी गेल्या होत्या. आमचे कागद पलीकडच्या टेबलावर नंबरानं लावलेले होते. कोणाला सांगायचं असतं, हे आम्हा चौघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. मिलमध्ये पोत्यांची एक थप्पी हलवली तर मी खडूनं खूण करून घेते. इथे हललेला माल मीच होते.

पेला

दुपारी नातेवाइकांना बाहेर काढत. आत्याबाई गिरजाबाईंच्या लेकीला घेऊन कडुनिंबाखाली भाकर खायला गेल्या. वॉर्ड सुस्त पडला होता. मलाही गुंगी होती. दारातून एक नवी, तरुण सिस्टर आली. तिच्या हातात रक्ताची पिशवी होती.

ती माझ्या खाटेवरून पुढे गेली. मी पाहत राहिले. अंगात रक्त नसलं की विचारही रांगत येतो. ती चौदा नंबरपाशी थांबली. पिशवी स्टँडला लावली.

"आजी, रक्त आलं तुमचं."

"बरं झालं माय," गिरजाबाई म्हणाल्या.

"नाव सांगा आजी, पूर्ण."

म्हातारीनं पदर तोंडाशी धरला.

"सोबत कोण आहे?"

"पोरगी गेली जेवाले."

सिस्टरनं वर भिंतीवर पाहिलं. चौदा. कागदावर पाहिलं. चौदा. तिनं म्हातारीचा हात हातात घेतला आणि शीर शोधू लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी ओरडले, पण तोंडातून नुसता वारा निघाला. उठून बसले तर डोळ्यांपुढे अंधार. म्हाताऱ्या हातात शीर सापडत नव्हती, सिस्टर मनगटावर टिचक्या मारत होती. तेवढाच वेळ माझ्या हाती होता. स्टुलावर स्टीलचा पेला होता. तो उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर हाणला. पाणी माझ्याच अंगावर सांडलं. पुन्हा हाणला. पुन्हा.

"काय झालं काकू?"

"ते रगत माहं हाय."

"तुमचंही येईल. हे चौदा नंबरचं आहे."

"चौदा नंबर मीच हाय!"

तिनं माझ्या डोक्यावरचा नंबर पाहिला. नऊ. मला भ्रम झाला असं तिला वाटलं असणार. "पडून राहा काकू," असं म्हणून तिनं पुन्हा म्हातारीचा हात घेतला.

"सुई नोका लावू!" आता आवाज फुटला. "आम्ही खाटा बदलल्या. पिशवीच्या कागदावर नाव असन. थे पाहा."

तिचा हात थांबला. तिनं कागद हातात धरला, पण वाचून दाखवला नाही. "तुम्हीच सांगा मग," ती म्हणाली. "पूर्ण नाव सांगा."

माझी जीभ टाळूला चिकटली. हसू येईल कोणाला, पण मला त्या क्षणी खरोखर वाटलं, की मी ते नाव घेतलं तर तिकडे सेलूला त्यांना काहीतरी होईल. आणि नाही घेतलं तर इथे माझ्या डोळ्यांदेखत ही म्हातारी जाईल, आणि तिच्यामागून मीही.

"सुमन विश्वनाथ काकडे," मी म्हटलं. मग मोठ्यानं म्हटलं, "विश्वनाथ! माह्या नवऱ्याचं नाव विश्वनाथ हाय!"

सिस्टरनं कागद वाचला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण पोर धीराची. एवढ्यावर तिनं विश्वास ठेवला नाही. ती म्हातारीवर वाकली.

"आजी, आता तुमचं. मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

"नाई व माय. मालकाचं नाव कसं घेऊ?"

"आजी, जिवाचा प्रश्न आहे."

म्हातारी मान हलवत राहिली. सिस्टरचे डोळे भरले. मी म्हटलं, "आजी, उखाण्यात घ्या."

एव्हाना सगळा वॉर्ड जागा झाला होता. "घ्या आजी, घ्या," अशी चारी बाजूंनी विनवणी सुरू झाली. गिरजाबाईंनी पदर सोडला. डोळे मिटले. आवाज कापत होता.

"धामच्या काठी पिकली केळी,
गणपतरावाचं नाव घेतो रगत द्याच्या वेळी."

कोणी हसलं नाही. सिस्टरनं पिशवी खाली उतरवली, टेबलापाशी गेली, कागद उलटून पाहिले आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. ते आले, त्यांनी दोघींचे कागद पाहिले, पुन्हा पाहिले. आमचे गट जुळत नव्हते. ते रक्त म्हातारीच्या अंगात गेलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनी आम्हांला सांगितलं नाही. सिस्टरला बाजूला नेऊन सांगितलं. परत आल्यावर तिनं मला पुन्हा नाव विचारलं आणि मगच सुई लावली. पहिला थेंब नळीतून उतरताना मी पाहिला.

नंतर

आत्याबाई जेवून आल्या आणि डॉक्टरांच्या तावडीत सापडल्या. बोलणी खाऊन त्या माझ्या खाटेशी जमिनीवर बसल्या.

"मी तं मायाच केली व, सुमन."

मला त्यांचा राग होता आणि कीवही आली. मी म्हटलं, "माया बराबरच होती, आत्याबाई. सांगाचं राहिलं." त्यांनी मान हलवली, पण त्या दिवसापासून दवाखान्यातली चादर बदलायची तरी त्या सिस्टरला विचारायला जात.

संध्याकाळी हे आले. मी सांगितलं की मी तुमचं नाव घेतलं, भर वॉर्डात.

"मंग? झालं का माहं आयुष्य कमी?"

"थे तुमीच पाहा."

ते खाली पाहत हसले. "आनखी घेजो," म्हणाले.

अजून रक्त चढलं, स्राव आवरला, आणि ऑपरेशन झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे, कारण मी झोपेत होते. जाग आली तेव्हा घसा सुकला होता आणि कोणीतरी ओल्या कापसानं माझे ओठ पुसत होतं. डोळे उघडले तर आत्याबाई. गाठी साध्या निघाल्या. गिरजाबाईंनाही त्यांचं रक्त मिळालं आणि त्या माझ्या आधी घरी गेल्या.

शेंडे सिस्टरनी मात्र ती गोष्ट वाया जाऊ दिली नाही. सुयांचा ट्रे घेऊन त्या खाटेशी उभ्या राहत आणि म्हणत, "चला आजी, नाव घ्या." पहिले दोन दिवस बायका लाजल्या. मग चढाओढ लागली. एकीनं कपाशीवर उखाणा घेतला, एकीनं सलाईनवर. पोटात टाके असलेल्या मला हसता येत नव्हतं, पोट धरून बसायची. सिस्टर हसत हसत कागद पाहायच्या, नाव जुळलं की सुई टोचायच्या. नंबर भिंतीवर राहिला, पण त्यावर कोणी विसंबत नव्हतं.

प्राचीला मी म्हटलं, हे तुझ्या कागदावर कुठल्या चौकोनात घालशील? ती विचार करून म्हणाली, "चौकोनात नाही आई, बाणावर." पोरगी शिकेल.

मैत्रिणींनो, अंगावर काढू नका. आणि डॉक्टरांपुढे बाकावर माणसं बसली असतील तर त्यांना बाहेर जायला सांगा, नाही तर मला बोलवा, मी सांगते. खाट बदलली, गोळी बदलली, गाव बदललं, जे बदलेल ते पुढच्या माणसाला सांगा. मागच्यानं सांगितलं असेल, असं धरून चालू नका. आपलं नाव आपल्या तोंडानं घ्या, सगळंच्या सगळं.

पूर्ण नाव

माझ्या ऑपरेशननंतर बऱ्याच वर्षांनी आत्याबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी त्यांना वर्ध्याला घेऊन गेले. टेबलापाशी बसलेल्या मुलीनं विचारलं, "आजी, पूर्ण नाव?"

मी सवयीनं तोंड उघडलं. आत्याबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. मी सांगतो."

मामाजी गेल्यापासून त्यांना उखाण्याचा आडोसाही उरला नव्हता. विधवेला कोण म्हणतं नाव घ्या? हळदीकुंकवाला त्या आतल्या खोलीत बसत. म्हणजे त्यांच्या तोंडून ते नाव निघालं असेल ते मामाजी जिवंत असतानाच, कुठल्याशा डोहाळजेवणात, बायकांच्या हसण्यात.

"अनसूया," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "अनसूया महादेव काकडे."

डोळ्यांत थेंब टाकायच्या खोलीत पुन्हा विचारलं. त्यांनी सांगितलं. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात पुन्हा विचारलं, कोणता डोळा तेही विचारलं. या वेळी त्यांचा आवाज साफ होता, आणि 'महादेव' त्यांनी जरा रेंगाळत म्हटलं. मी बाहेर बाकावर बसले आणि मामाजींच्या आठवणीनं पदर डोळ्यांना लावला.

घरी आणल्यावर त्या अंगणात बाजेवर पडल्या होत्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मी शेजारी सूप घेऊन डाळ पाखडत होते.

"दवाखाना चांगला होता," त्या म्हणाल्या. "लय बार इचारलं."

"हो ना."

त्या बाजेवर उठून बसल्या.

"घरी कोनी नाव इचारत नाई व, सुमन."

मी सूप खाली ठेवलं आणि बाजेशी जाऊन उभी राहिले.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "अनसूया महादेव काकडे," त्या म्हणाल्या. उघड्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "आनखी एक बार इचार."